पडणे आणि फिरणे : प्रस्तावना

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भात, उत्तर महाराष्ट्रात आणि लगतच्या मध्य प्रदेशात अनेकांनी जळत्या ठिपक्यांची एक लांब रांग आभाळ ओलांडताना पाहिली. उल्का पापणी लवते न लवते तोच विझते. ही रांग मात्र सावकाश सरकत होती, फोन काढून चित्रण करता येईल इतक्या सावकाश. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावाजवळ धातूचे एक भलेमोठे कडे पडलेले सापडले. परिसरातल्या इतर गावांतून धातूचे गोळेही मिळाले. अवकाशातल्या कचऱ्यावर नजर ठेवणाऱ्या अभ्यासकांनी माग काढला आणि हे अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत, असा निष्कर्ष निघाला.

सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पुढचे काही दिवस जिकडेतिकडे एकच वाक्य ऐकू येत होते : वर फिरणारा अग्निबाण खाली पडला. हे वाक्य खोटे नाही, पण त्यात एक मोठा गैरसमज दडलेला आहे आणि तो दूर करण्यासाठीच मी हे पुस्तक लिहिले आहे. अग्निबाणाचा तो टप्पा पाडव्याच्या संध्याकाळी पडायला लागला नव्हता. अवकाशात सोडल्या दिवसापासून चौदा महिने तो पडतच होता. इतके दिवस त्याच्या पडण्याच्या वाटेत जमीन येत नव्हती, त्या संध्याकाळी ती आली.

चंद्रही असाच पडतो आहे. आपल्या दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचवणारे उपग्रह पडत आहेत, अवकाश स्थानकातले अंतराळवीर स्थानकासकट पडत आहेत, आणि सबंध पृथ्वी आपल्याला पाठीवर घेऊन सूर्याकडे पडते आहे. कक्षेत फिरणे ही पडण्याचीच एक रीत आहे. हे एकदा नीट उमजले की या विषयातल्या बहुतेक गाठी आपोआप सुटतात, आणि जे उमजल्याशिवाय राहते ते शेवटपर्यंत अडत राहते.

अवकाशाविषयी कुठेही व्याख्यान दिले की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. उपग्रह खाली का पडत नाही? पाचवीतला मुलगा तो विचारतो आणि निवृत्त अभियंताही विचारतो. श्रोत्यांतून लगेच दोन उत्तरे पुढे येतात. पहिले उत्तर असे की तिथे गुरुत्वाकर्षण नसते. हे तपासून पाहू. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. गुरुत्वाकर्षण मोजायचे ते पृथ्वीच्या केंद्रापासून, आणि केंद्र पायाखाली ६,३७० किलोमीटर खोल आहे. म्हणजे स्थानकात गेलेला माणूस केंद्रापासून फार तर सहा-सात टक्के अधिक दूर जातो. तिथले गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के भरते. चारशे किलोमीटर उंचीचा मनोरा बांधता आला आणि त्याच्या माथ्यावर वजनकाटा ठेवून त्यावर ६० किलोचा माणूस उभा केला, तर काटा ५३ किलो दाखवील. मनोऱ्यावरचा माणूस तरंगणार नाही, आणि त्याच उंचीवरच्या स्थानकातला मात्र तरंगतो. दोघांवरची ओढ सारखीच आहे. एकाच्या पायाखाली आधार आहे, दुसरा काट्यासकट, भिंतींसकट पडतो आहे.

दुसरे उत्तर अधिक शिकलेल्यांकडून येते, आणि ते पुसून टाकायला अधिक कष्ट पडतात. गुरुत्वाकर्षण चंद्राला आत ओढते, केंद्रोत्सारी बल बाहेर ढकलते, दोन्ही सारखी असल्याने चंद्र मधल्या मध्ये अडकून राहतो, असे ते उत्तर. क्षणभर हे खरे मानू. दोन बलांनी एकमेकांना पूर्ण तोलून धरले, तर चंद्रावर निव्वळ बल शून्य उरेल. ज्या वस्तूवर निव्वळ बल शून्य ती वस्तू सरळ रेषेत, एकाच वेगाने जात राहते. म्हणजे बले तोलली गेली असती तर चंद्र केव्हाच सरळ निघून गेला असता! त्याची वाट वाकते, याचाच अर्थ त्याच्यावर न तोललेले बल आहे आणि ते पृथ्वीच्या दिशेने आहे. स्वतः फिरत असलेल्या चौकटीतून हिशेब मांडणाऱ्याला केंद्रोत्सारी बल सोयीचे पडते, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाहेर उभे राहून पाहणाऱ्याला असे ढकलणारे काहीही सापडत नाही.

या उत्तराला बळ मिळते ते गोफणीच्या दाखल्यामुळे. गोफणीतला दगड डोक्याभोवती फिरतो, दोरी त्याला आत ओढून धरते, तसेच पृथ्वी चंद्राला. दाखला अर्ध्या वाटेपर्यंत चांगला आहे. दोरी सुटली की दगड बाहेरच्या दिशेला न उडता त्या क्षणी ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने सरळ जातो, हे गोफण मारलेल्या कोणालाही ठाऊक असते आणि ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण दोरी दगडाला एका बाजूने धरते. गुरुत्वाकर्षण वस्तूच्या कणाकणाला एकाच वेळी, एकाच प्रमाणात ओढते. म्हणून अंतराळवीराला आपल्याला कोणी ओढते आहे असे जाणवत नाही. त्याचे शरीर, त्याची लेखणी आणि पेल्यातून निसटलेला पाण्याचा थेंब सगळे एकाच गतीने पडत असतात.

पडण्याची ही कल्पना माणसाला इतकी उशिरा का सुचली, हा प्रश्न मला भौतिकशास्त्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. पुस्तकाची पहिली तीन प्रकरणे त्यासाठी खर्च केली आहेत. काही वाचकांना ती इतिहासाची वाटतील आणि उडी मारून पुढे जावेसे वाटेल. त्यांनी तसे करू नये, अशी विनंती आहे. आपल्या मनातल्या चुका या थोरामोठ्यांच्या मनातही होत्या, आणि त्यांनी त्या कशा सोडवल्या हे पाहिल्यानेच आपल्याही सुटतात.

भास्कराचार्यांपासून सुरुवात करू. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचा नातू चांगदेव याने कोरवून घेतलेला शिलालेख आहे, तेव्हा महाराष्ट्राशी या घराण्याचे नाते पक्के आहे. ११५० साली त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणि’ पूर्ण केला. त्याच्या गोलाध्यायात पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, ती जड वस्तूंना आपल्याकडे ओढते आणि म्हणून त्या पडल्यासारख्या दिसतात, असे स्पष्ट सांगितले आहे. सगळीकडे आकाश सारखेच असेल तर खुद्द पृथ्वी कुठे पडणार, हा त्यांचा प्रश्नही तिथेच आहे. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. खाली आणि वर या दिशा विश्वाच्या नसून पृथ्वीच्या आहेत, हे त्यात आले. पण न्यूटनच्या आधी भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नियम शोधला, असे जे वारंवार छापले जाते ते मला मान्य नाही, आणि त्यांच्या थोरवीला त्याची गरजही नाही. ही ओढ चंद्रापर्यंत पोहोचते आणि तिच्यामुळेच चंद्र फिरतो, असे त्यांनी म्हटलेले नाही. सिद्धांतपरंपरेत आकाशस्थ गोलांना वाहून नेण्याचे काम प्रवह नावाच्या वायूकडे होते. फिरणाऱ्याला ढकलणारा कोणीतरी हवा, ही समजूत त्यांच्याकडेही होती.

साडेचारशे वर्षांनंतरच्या केपलरची अडचणही हीच होती. ट्यूको ब्राहेने दुर्बीण नसताना केलेल्या मंगळाच्या निरीक्षणांतून केपलर वर्षानुवर्षे मंगळाची वाट काढत होता. वर्तुळांवर आधारलेली त्याची रचना निरीक्षणांशी आठ कलांपर्यंत जुळली. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. दुसऱ्या कोणी तेवढा फरक सोडून दिला असता. ब्राहे इतकी चूक करणार नाही, या विश्वासावर केपलरने आपली सगळी रचना मोडली आणि १६०९ साली मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे जाहीर केले. त्याचा हा प्रामाणिकपणा पाहून मला आजही भरून येते. वाट सापडली, वेगाचा नियमही सापडला, पण कारण सापडले नाही. सूर्य स्वतःभोवती फिरताना एक शक्ती फेकतो आणि ती ग्रहांना पुढे लोटत नेते, असे त्याने मानले. लोटणे थांबले तर ग्रह जागच्या जागी थबकेल, अशी त्याची खात्री होती. देकार्तने पुढे ग्रहांना सूक्ष्म द्रव्याच्या भोवऱ्यांत घातले. तोही पुन्हा ढकलणाराच. गंमत अशी की बल नसेल तर वस्तू सरळ रेषेत जात राहते, हे नेमक्या शब्दांत मांडणाराही देकार्तच होता. आपल्याच त्या नियमाने भोवऱ्यांची गरज संपवली आहे, हे मात्र त्याला दिसले नाही.

मग प्रश्नच बदलला. पुढे कोण ढकलतो, हे विचारायचे कारण उरले नाही, कारण पुढे जाण्यासाठी कोणी लागतच नाही. विचारायचे ते एवढेच की वाट वाकवतो कोण? १६७९ च्या हिवाळ्यात रॉबर्ट हूकने न्यूटनला लिहिलेल्या पत्रांतून हीच मांडणी केली : स्पर्शरेषेतली सरळ गती आणि केंद्राकडची ओढ, या दोन्ही एकत्र करून ग्रहाची वाट काढावी. याचे श्रेय हूकला द्यायला न्यूटनने पुढे फार काचकूच केली, आणि ती मला न्यूटनच्या चरित्रातली दुःखद बाजू वाटते. गणित मात्र हूकला जमले नाही. १६८४ च्या ऑगस्टमध्ये एडमंड हॅली केंब्रिजला गेला आणि त्याने न्यूटनला थेट विचारले : ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल तर कक्षा कोणत्या आकाराची होईल? लंबवर्तुळाची, न्यूटनने सांगितले. मी ते काढले आहे. कागद सापडले नाहीत, म्हणून त्याने पुन्हा लिहून पाठवायचे कबूल केले, आणि त्या लिखाणातून १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ उभा राहिला. रॉयल सोसायटीचे पैसे नुकतेच माशांवरच्या एका महागड्या सचित्र ग्रंथात अडकले होते, म्हणून छपाईचा खर्च हॅलीने स्वतःच्या खिशातून केला. विज्ञानाच्या इतिहासात याहून चांगल्या कारणी लागलेले पैसे मला आठवत नाहीत.

न्यूटनने काढलेले डोंगरावरच्या तोफेचे चित्र पाठ्यपुस्तकांतून सर्वांना परिचयाचे आहे, पण त्यातले आकडे क्वचितच सांगितले जातात. ते इथे सांगतो, कारण सगळी किमया त्यांतच आहे. जमिनीजवळ कोणतीही वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येते. ती नुसती सोडलेली असो की आडवी डागलेली, यात फरक पडत नाही. आता पृथ्वी गोल आहे. आपण जिथे उभे आहोत तिथून एक सरळ आडवी रेषा ओढली, तर ७.९ किलोमीटर पुढे गेल्यावर जमीन त्या रेषेच्या ४.९ मीटर खाली गेलेली असते. हे दोन आकडे शेजारी ठेवा. तोफगोळा सेकंदाला ७.९ किलोमीटर वेगाने आडवा सुटला, तर एका सेकंदात तो ४.९ मीटर पडेल आणि जमीनही त्याच्याखालून ४.९ मीटर वाकलेली असेल. जमिनीपासूनची त्याची उंची होती तेवढीच राहील. पुढच्या सेकंदात तेच, त्याच्या पुढच्या सेकंदातही तेच. हवा नसेल तर ८४ मिनिटांत तो पृथ्वीला वळसा घालून तोफेच्या मागे येऊन पोहोचेल. वेग याहून अधिक दिला तर वर्तुळ लांबट होत जाते आणि सेकंदाला ११.२ किलोमीटर झाला की गोळा परत येत नाही. तोच मुक्तिवेग.

हाच हिशेब चंद्राला लावता येतो का, ही खरी परीक्षा होती. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे साठ त्रिज्या दूर आहे. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होत असेल, तर तिथे ती साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० पटींनी क्षीण असायला हवी. जमिनीवरची वस्तू एका सेकंदात जेवढी पडते, तेवढे पडायला चंद्राला एक मिनिट लागायला हवे, कारण पडण्याचे अंतर वेळेच्या वर्गाने वाढते आणि मिनिटात साठ सेकंद असतात. चंद्राचे अंतर आणि त्याचा २७.३ दिवसांचा फेरा, या दोन आकड्यांवरून तो मिनिटाला सरळ रेषेपासून किती वळतो हे काढता येते. उत्तर येते ४.९ मीटर. माझ्या मते माणसाने केलेला हा सर्वांत सुंदर हिशेब आहे. झाडावरून गळणारे फळ आणि पौर्णिमेचा चंद्र एकाच नियमाने पडतात, हे तोपर्यंत कोणी सिद्ध केले नव्हते.

आणखी एक हिशेब वाचकाने स्वतः करावा, त्याला कागदही लागत नाही. भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ४२ हजार किलोमीटरवर असतो आणि त्याची फेरी एका दिवसात होते. म्हणून तो आपल्याला आकाशात एकाच जागी दिसतो आणि घरावरची तबकडी एकदा बसवली की हलवावी लागत नाही. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, म्हणजे साधारण नऊ पट दूर आहे. केपलरचा तिसरा नियम सांगतो की फेरीच्या काळाचा वर्ग हा अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. नऊचा घन ७२९. त्याचे वर्गमूळ २७. चंद्राला फेरीला सत्तावीस दिवस लागतात! आपल्या पंचांगातली सत्तावीस नक्षत्रे चंद्राच्या याच फेऱ्यावर बसवलेली आहेत. १६१९ साली ग्रहांसाठी छापलेला नियम चंद्राला आणि श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या उपग्रहाला एकाच सूत्रात ओवतो.

इथपर्यंतचा भाग समजायला सोपा आहे. यापुढे कक्षांचे जग आपल्या सवयीच्या जगाशी फटकून वागू लागते, आणि मला ते तिथेच सर्वांत जास्त आवडते. ३ जून १९६५ रोजी अमेरिकेचे जेमिनी ४ यान दोन अंतराळवीरांसह कक्षेत पोहोचले. त्यांना वर नेणाऱ्या अग्निबाणाचा रिकामा दुसरा टप्पा जवळच तरंगत होता. यानाचा प्रमुख जेम्स मॅकडिव्हिट याने त्याच्या जवळ जायचे ठरवले. वैमानिकाला जे सुचेल तेच त्याने केले : यानाचे तोंड टप्प्याकडे वळवले आणि इंजिन चालवले. टप्पा जवळ येईना. पुन्हा इंजिन चालवले, तर तो आणखी लांब गेला. इंधन भराभर संपू लागले आणि शेवटी प्रयत्न सोडून द्यावा लागला.

मॅकडिव्हिट कसलेला वैमानिक होता. पण आकाशातले नियम रस्त्यावरचे नाहीत. कक्षेत पुढे जाण्यासाठी वेग वाढवला की यान अधिक उंच कक्षेत चढते, उंच कक्षा लांब असते आणि तिथला वेगही कमी असतो, म्हणून यान मागे पडते. पुढच्या यानाला गाठायचे असेल तर आधी वेग कमी करायचा. मग यान खाली उतरते, खालची कक्षा लहान आणि वेगवान असल्याने ते पुढे सरकते, आणि नेमक्या क्षणी पुन्हा वर चढते. बझ ऑल्ड्रिनने १९६३ साली एमआयटीमध्ये कक्षेतल्या भेटींवरच प्रबंध लिहिला होता. १९६५ च्याच डिसेंबरात जेमिनी ६ए आणि जेमिनी ७ एकमेकांपासून हातभर अंतरावर आले, ते हे गणित आधी मांडून. आपल्या इस्रोने ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेल्या ‘स्पेडेक्स’ मोहिमेतले दोन छोटे उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी एकमेकांना जोडले गेले. त्याआधीचे कितीतरी दिवस त्यांच्यातले अंतर याच रीतीने कमी-जास्त केले जात होते. वर्तमानपत्रांत जोडणीचा क्षण मोठा छापून आला. त्यामागची ही उलटी चाल मात्र फार थोड्यांपर्यंत पोहोचली, याची मला चुटपुट लागली होती. सहावे प्रकरण तिच्यासाठीच आहे.

हवेचा विरोधही असाच उलटा परिणाम करतो. चारशे-पाचशे किलोमीटरवरसुद्धा वातावरण अगदी संपलेले नसते. त्याच्या विरळ कणांशी घासून उपग्रहाची ऊर्जा कमी होते, तो खाली येतो, आणि खाली आल्यामुळे त्याचा वेग वाढतो! घासल्याने वेग वाढतो हे ऐकून विद्यार्थी चमकतात, पण उंची गमावून जी ऊर्जा मोकळी होते तिच्यातली निम्मी वेगात जाते आणि निम्मी घर्षणाच्या उष्णतेत. सूर्य खवळला की वरचे वातावरण तापून फुगते आणि हा ऱ्हास झपाट्याने होतो. १९७९ साली स्कायलॅब अपेक्षेपेक्षा लवकर खाली आले ते त्यामुळेच. त्या जुलैत ते कुठे पडणार, या धास्तीने भारतात गावोगाव लोक बेचैन होते. शेवटी त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले.

लाडबोरीच्या कड्याची गोष्ट थोडी वेगळी होती. तो टप्पा एका उपग्रहाला भूस्थिर कक्षेच्या वाटेला लावून मागे राहिला होता. अशा टप्प्याची कक्षा फार लांबट असते. तिचे एक टोक वातावरणाच्या वरच्या थरांना शिवून जाते आणि दुसरे हजारो किलोमीटर दूर असते. जवळच्या टोकाला प्रत्येक फेरीत थोडा वेग हरवतो, त्याचा परिणाम समोरच्या टोकावर होतो आणि ते टोक फेरीगणिक खाली येत जाते. जवळचे टोक फारसे हलत नाही. महिनोन्‌महिने लांबट कक्षा आखूड होत, गोलाकडे झुकत जाते, आणि ती जवळजवळ गोल झाली की सबंध वाटच हवेतून जाऊ लागते. तिथून पुढे फार वेळ उरत नाही.

कक्षा बदलण्यासाठी हवाच लागते असेही नाही. चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो आहे. अपोलो मोहिमांतल्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसरचे किरण पाठवून हे मोजले गेले आहे. याचे कारण भरती. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग कोकणातल्या दर्यावर्दी माणसाला सांगावा लागत नाही. पण भरती चंद्रालाही काही करते, हे त्यालाही कोणी सांगितलेले नसते. पृथ्वी चंद्राच्या फेरीपेक्षा फार वेगाने स्वतःभोवती फिरते, त्यामुळे भरतीचा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे ओढला जातो. तो पुढचा फुगवटा चंद्राला सतत पुढे ओढतो, चंद्राला ऊर्जा मिळते आणि जेमिनीसारखाच तोही वर चढतो नि मंदावतो. ही ऊर्जा पृथ्वीच्या फिरण्यातून जाते, म्हणून आपला दिवस शतकाला दोन मिलिसेकंदांच्या आसपास लांबतो.

मंगळाच्या फोबोसची परिस्थिती नेमकी उलटी आहे. मंगळाचा दिवस साडेचोवीस तासांचा, आणि फोबोसची फेरी अवघ्या ७ तास ३९ मिनिटांची. इथे फुगवटा चंद्राच्या मागे राहतो, त्याला मागे खेचतो, आणि फोबोस शंभर वर्षांत सुमारे १.८ मीटर खाली येतो. काही कोटी वर्षांत मंगळाच्या ओढीने त्याचे तुकडे होतील किंवा तो आदळेल. नियम एकच असून एका चंद्राची वाटचाल दूर आणि दुसऱ्याची नाशाकडे होते, ती कोण अधिक वेगाने फिरतो एवढ्यावरून.

मंगळयान आणि चांद्रयान यांवर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात सांगतो. ५ नोव्हेंबर २०१३ ला उडालेले मंगळयान जवळजवळ महिनाभर पृथ्वीभोवतीच अधिकाधिक लांबट फेऱ्या घेत राहिले, कारण आपल्या पीएसएलव्हीत त्याला एका दमात मंगळाकडे फेकण्याची ताकद नव्हती. पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपाशी इंजिन चालवले की दूरचे टोक आणखी दूर जाते, याचा तो पुरेपूर उपयोग होता. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळापाशी पोहोचल्यावर इंजिन चालवायचे होते ते वेग कमी करण्यासाठी, सेकंदाला सुमारे १.१ किलोमीटरने. ते चालले नसते, तर मंगळाच्या ओढीने यानाची वाट नुसती वाकली असती आणि ते पुढे निघून गेले असते. एखाद्या ग्रहाची ओढ आपोआप कोणाला पकडून ठेवत नाही.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे. दहावीपर्यंतचे गणित ज्याला आठवते त्याला सगळे वाचता यावे, असा प्रयत्न केला आहे. कलनशास्त्र टाळले आहे, आकडे टाळलेले नाहीत. आकडे पाहून बिचकणाऱ्या वाचकांशी मी सहमत होऊ शकत नाही, कारण चंद्राचे ते मिनिटातले ४.९ मीटर स्वतः काढल्याशिवाय जो आनंद मिळतो तो उसना असतो. परिभाषा शालेय पुस्तकांतलीच ठेवली आहे. आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाला एकच प्रकरण दिले आहे. बुधाच्या कक्षेचे टोक शतकाला ४३ विकला अधिक का सरकते, हे न्यूटनच्या नियमाने सुटत नव्हते आणि १९१५ साली आइन्स्टाइनने सोडवले, तेवढ्यापुरते ते येते. उपग्रह सोडायला आणि ग्रहणे वर्तवायला न्यूटन आजही बहुतांशी पुरतो.

शेवटचे प्रकरण मात्र उत्तर न देता संपते, त्याची पूर्वकल्पना वाचकाला द्यायला हवी. आतापर्यंत आपण दोघांचाच विचार केला, पृथ्वी आणि चंद्र, सूर्य आणि ग्रह. सूर्यमालेत सगळे सगळ्यांना ओढतात. या बारीकसारीक ओढींचा कोट्यवधी वर्षांत काय परिणाम होईल, याची काळजी न्यूटनलाही होती, आणि ही व्यवस्था अधूनमधून ईश्वराला सावरावी लागत असेल असे त्याने सुचवले होते. लाप्लासला वाटले की सावरण्याची गरज नाही, ग्रहांच्या कक्षा हेलकावे घेत टिकून राहतात. १८८९ साली स्वीडनच्या राजाच्या वाढदिवसानिमित्त ठेवलेले पारितोषिक आंरी प्वँकारेला मिळाले ते तीन गोलांच्या गतीवरच्या निबंधासाठी, आणि त्यातलीच एक चूक दुरुस्त करताना त्याला दिसले की तीन गोलांची गतीदेखील कल्पनेबाहेर गुंतागुंतीची होऊ शकते. फ्रान्सच्या झाक लास्कारने संगणकावर काढले की आज पृथ्वीच्या स्थानात १५ मीटरची चूक धरली, तर दहा कोटी वर्षांनंतर ती चूक १५ कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराएवढी झालेली असते. त्यापुढे पृथ्वी आपल्या कक्षेत नेमकी कुठे असेल, हे कोणत्याही संगणकाला सांगता येणार नाही. २००९ साली लास्कार आणि मिकाएल गास्तिनो यांनी सूर्यमालेची भविष्ये अडीच हजार वेळा, दर वेळी बुधाच्या कक्षेच्या लांबीत मीटरहून कमी फरक ठेवून, पाच अब्ज वर्षे पुढे चालवून पाहिली. त्यांतल्या सुमारे एक टक्क्यात बुधाची कक्षा फार लांबट झाली, काहींत तो शुक्रावर किंवा सूर्यावर आदळला, आणि एका भविष्यात तर पृथ्वीचीही घडी विस्कटली. उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांत सगळे ग्रह आज पडत आहेत तसेच पडत राहिले. आपली सूर्यमाला यांतली कोणती, हे शेवटच्या प्रकरणात मी सांगितलेले नाही, कारण ते अजून कोणालाही ठाऊक नाही.